घरचा ग्रुप: प्रशांतदादाची टीजे आणि आपलं नवोदय

मेघाताई (ठाणे): दादा, ईशाच्या शाळेचं काय झालं? काल फोनवर वैतागलेला होतास.

प्रशांतदादा (व्हर्जिनिया): आता आठवीत आहे, टीजेचा फॉर्म भरायचाय. थॉमस जेफरसन, फेअरफॅक्स काउंटीची सरकारी विज्ञान शाळा. पूर्वी प्रवेश परीक्षा होती, 2020 मध्ये काढून टाकली. आता शाळेतले ग्रेड, निबंध आणि प्रत्येक मिडल स्कूलच्या आठवीतल्या दीड टक्का मुलांना जागा ठेवलेल्या. ईशाच्या शाळेत हुशार पोरांचा ढीग आहे. तिचा नंबर कुठे लागणार त्यात!

ओंकार (पुणे): आरक्षण म्हण की सरळ.

प्रशांतदादा: वंशाचं नाही. अर्ज तपासणाऱ्याला नावसुद्धा दिसत नाही. पण गरीब घरची, इंग्रजी अजून शिकणारी, जिथून आधी फारसं कुणी गेलं नाही अशा शाळेतली, यांचं पारडं जड होतं. आशियाई मुलं 73 टक्के होती, पहिल्याच वर्षी 54 वर आली. पालक कोर्टात गेले. 2022 ला जिंकले, 2023 ला वरच्या कोर्टात हरले, 2024 ला सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

नानाकाका (अमरावती): काउंटीत आशियाई किती?

प्रशांतदादा: पाचात एक, साधारण.

नानाकाका: आणि शाळेत निम्म्याहून जास्त. मग रडतो काहून बापा?

प्रशांतदादा: टक्क्याचं नाही नाना. पोरगी तिसरीपासून अ‍ॅडव्हान्स्ड वर्गात आहे. ती मेहनत कुठे धरायची?

मेघाताई: दोन-दोन वर्षं क्लास लावून दिलेल्या परीक्षेत मेहनत मोजतात की फी? दुसऱ्याच्या लेकराला जागा मिळाली की आपल्याला मेरिट आठवतं.

ओंकार: मी वरच्या कोर्टाचं निकालपत्र वाचलं. जुन्या पद्धतीच्या शेवटच्या वर्षी गरीब घरची आशियाई मुलं किती घेतली? 1. नव्या पद्धतीत 51. टॅक्सीवाल्याची पोरगीपण आशियाईच असते, दादा.

आत्या: ईशा जेवली का? परवा व्हिडिओत वाळलेली दिसत होती.

नानाकाका: प्रशांत, तू नवोदयला कसा लागला ते आठवते का? देशातले पहिले दोन नवोदय, एक हरियाणातलं झज्जर, दुसरं आपली अमरावती. 75 टक्के जागा खेड्यातल्या पोरांच्या. शहरातल्या कोणाला तुझ्याहून जास्त मार्क असतीलही. आपण पेढे वाटले, कोणाला विचारत नाही बसलो.

(वीस मिनिटं ग्रुप शांत.)

प्रशांतदादा: मान्य. पण पेपर दिला होता ना मी? खेड्यातल्या पोरांशीच स्पर्धा होती, पण पेपर सगळ्यांना एकच. जागा वाटा हवं तर, वाटलेल्या जागेसाठी परीक्षा तरी घ्या.

नानाकाका: हे मात्र बरोबर बोलला. निबंधाचेही क्लास निघतील, बघ. पण पेपरचंही ऐक. मेळघाटात धारणीकडे मी 11 वर्षं मास्तर होतो. पोरांच्या घरात कोरकू, शाळेत मराठी. आकृत्यांचे प्रश्न फटाफट सोडवायचे, माझ्याही आधी. भाषेचा उतारा आला की गाडी अडली. त्यांना डोकं नव्हतं असं मी आजही म्हणणार नाही. त्या पेपरनं मात्र तेच म्हटलं.

प्रशांतदादा: हं.

ओंकार: म्हणजे उताराच कोरकूत द्यायचा?

नानाकाका: कोणी विचारलं असतं तर हो म्हटलं असतं.

मेघाताई: नाना, नवोदयचा विषय निघालाच आहे तर एक विचारते. अथर्व आता चौथीत आहे. पाचवीला त्याचं नाव गावच्या शाळेत टाकलं तर ग्रामीणमध्ये धरतील का?

नानाकाका: तिसरी, चौथी, पाचवी. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरातल्या शाळेत शिकला तरी शहरी.

मेघाताई: एक दिवससुद्धा?

प्रशांतदादा: काय गं मेघा? लेकराची मेहनत का फी?

(मेघाताईने हा मेसेज हटवला)
(मेघाताईने हा मेसेज हटवला)

नानाकाका: मी वाचला आधीच.