‘टेक्स्ट’चे मूळ मागावर : इंग्रजी शब्द व्युत्पत्तीसह शिकवावेत का?

चर्चाप्रस्ताव
सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे यंत्रमागांचा खडखडाट वर्गातही ऐकू येतो, तिथे मी आठवीला इंग्रजी शिकवते. ‘कॉन्टेक्स्ट म्हणजे संदर्भ’ असे वहीत उतरवून घेतलेले चार दिवसांत विसरले जाते, म्हणून यंदा मुळापासून सुरुवात केली. लॅटिनमध्ये ‘टेक्सेरे’ म्हणजे विणणे. त्यातून ‘टेक्स्टाइल’ म्हणजे विणलेले कापड, ‘टेक्स्ट’ म्हणजे शब्दांची वीण आणि ‘कॉन्टेक्स्ट’ म्हणजे एकत्र विणलेले. जुन्या चादरीच्या तुकड्यातून एक धागा ओढून मी विचारले, की एवढ्यावरून नक्षी ओळखता येईल का? ज्याचे वडील जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, काम करतात असा एक मुलगा म्हणाला, “बाणा निघाला की डिझाइन गेलं, बाई.” (बाणा म्हणजे विणीतला आडवा धागा.) संदर्भाची याहून नेमकी व्याख्या मला जमली नसती. प्रत्येक नवा शब्द असाच शिकवावा, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १
उदाहरण सुरेख आहे, पण सोयीचे निवडलेले आहे. ‘नाइस’चे मूळ लॅटिन ‘नेस्कियुस’, म्हणजे अजाण, आणि इंग्रजीतही तो शब्द पूर्वी ‘मूर्ख’ याच अर्थाने वापरला जाई. हे सांगून मुलांच्या हाती गोंधळाशिवाय काय लागणार? आपल्याच ‘साहस’ शब्दाचा संस्कृत धर्मशास्त्रातला अर्थ बळजबरीचा गुन्हा असा होता, तरी साहसी मुलांचा आपण सत्कारच करतो. अर्थ वापरातून ठरतो, आणि मोजक्या मिनिटांच्या तासिकेत तो वापरच शिकवायला हवा.

प्रतिसाद २
माझा कल बाईंकडे आहे. ‘प्रीटेक्स्ट’ म्हणजे सबब हे मी अनेकदा पाठ केले आणि विसरलो. त्याच ‘टेक्सेरे’पासून आलेल्या त्या शब्दात पुढ्यात विणून धरलेला आडपडदा आहे, हे कळल्यावर मात्र तो डोक्यात बसला. शिवाय ‘ग्रंथ’ हा शब्द गुंफण्यातून आला आणि ‘सूत्र’ म्हणजे तर दोराच, त्यामुळे ही कल्पना आपल्या मुलांना परकी नाही.

प्रस्तावकाचे उत्तर
‘प्रत्येक’ हा शब्द मी मागे घेते. मात्र ‘नाइस’ वगळणार नाही; शब्दाचा अर्थ एवढा उलटू शकतो, हे आठवीच्या मुलांना चक्क आवडते.

प्रतिसाद १ (पुन्हा)
आवडू द्या, परंतु आधी त्यांच्याकडून ‘कॉन्टेक्स्ट’ची पाच वाक्ये लिहून घ्या आणि चादर त्यानंतरच उसवा.