महायुद्धातील वैमानिक चुलतआजोबांचा माग कसा काढावा?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा)

नमस्कार. आमचा दांडिया बाजारातील वाडा पुढील महिन्यात उतरवायचा आहे, आणि सामान हलवताना माळ्यावरच्या ट्रंकेत माझ्या चुलतआजोबांचे उड्डाणांचे लॉगबुक सापडले. दुसऱ्या महायुद्धात ते लढाऊ विमान चालवीत असत एवढे घरात सर्वांना ठाऊक आहे. ते ‘बडोदा स्क्वाड्रन’मध्ये होते आणि लंडनच्या आकाशात लढले, असे माझी आजी नेहमी सांगत असे. लॉगबुकाचा पहिला अर्धा भाग मात्र वाळवीने खाल्ला आहे. उरलेली पाने ऑक्टोबर 1943 ते जुलै 1944 या काळातील असून विमानाच्या रकान्यात सर्वत्र ‘हरिकेन’ आहे. कामाच्या रकान्यात मार्चपासून पुढे ‘टॅक आर, टिड्डिम रोड’ असे वारंवार येते आणि काही ओळींत ‘वीव्हर’ हा शब्द आहे. आम्ही तो एखाद्या इंग्रज सोबत्याचे आडनाव समजत होतो. त्यांना मूलबाळ नव्हते, त्यामुळे विचारावे असे कोणी उरलेले नाही. सुरुवात कोठून करावी?

पहिले उत्तर

ताई, आपल्या हाती असलेली पाने फार मोलाची आहेत, कारण घरातील आठवण आणि ही पाने दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगत आहेत आणि येथे पानांवर विश्वास ठेवावा लागेल. बडोदा स्क्वाड्रन म्हणजे ब्रिटिश रॉयल एअर फोर्सची 124 क्रमांकाची स्क्वाड्रन. ती मे 1941 मध्ये स्कॉटलंडमधील कॅसलटाउन येथे स्पिटफायर विमानांवर उभी राहिली. बडोदा संस्थानने युद्धासाठी दिलेल्या देणगीमुळे तिला हे नाव मिळाले. त्याच रीतीने हैदराबादचे नाव लागलेल्या स्क्वाड्रनही होत्या. नावात बडोदा आहे म्हणून तिच्यात बडोद्याचे वैमानिक होते, असे मुळीच नाही. ती हरिकेनवर नव्हती आणि ब्रह्मदेशातही नव्हती. आजींची गोष्ट खोटी होती असे मी म्हणणार नाही. ते नाव त्या वर्षांत शहरात सर्वांच्या तोंडी असणार आणि आपल्या घरातला मुलगा वैमानिक असताना दोन्ही गोष्टी एकत्र जुळणे स्वाभाविक होते.

आता ‘टॅक आर’ म्हणजे टॅक्टिकल रिकॉनिसन्स, अर्थात आघाडीवरील शत्रूची हालचाल कमी उंचीवरून उडत डोळ्यांनी टिपून आणणे. ही उड्डाणे दोन-दोन विमानांची असत. पुढचा वैमानिक रस्ता, पूल, झाडीखाली लपवलेल्या गाड्या पाहत असे, आणि मागचा डावीकडे-उजवीकडे वळत राहून आपल्या जोडीवर वरून कोणी झडप घालत नाही ना याची राखण करीत असे. हा मागचा वैमानिक म्हणजे वीव्हर. ज्या ओळींत तो शब्द आहे, त्या दिवशी आपले चुलतआजोबा सोबत्याचा जीव राखत होते, असे समजावे.

टिड्डिम रोड हा इंफाळहून दक्षिणेकडे ब्रह्मदेशातील टिड्डिमला जाणारा रस्ता. मार्च 1944 मध्ये जपानी सैन्य त्याही बाजूने इंफाळवर चालून आले. भारतीय वायुदलाची नंबर 1 स्क्वाड्रन, अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली, त्या फेब्रुवारीपासून इंफाळला होती आणि हरिकेनवर हेच काम करीत होती. तरीही घाईने निष्कर्ष काढू नये, कारण रॉयल एअर फोर्सची 28 क्रमांकाची स्क्वाड्रनही त्याच आघाडीवर हरिकेनवरच होती.

दुसरे उत्तर

वरील सदस्यांनी दाखवलेला पेच सोडवण्याचा मार्ग विमानाच्या क्रमांकातून जातो. प्रत्येक स्क्वाड्रनची कामकाजाची नोंदवही दोन भागांत असे: फॉर्म 540 मध्ये दिवसाचा वृत्तान्त, आणि फॉर्म 541 मध्ये प्रत्येक उड्डाणाचा विमान क्रमांक, वैमानिकाचे नाव, उडण्याची आणि उतरण्याची वेळ. ब्रिटिश स्क्वाड्रनच्या वह्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एअर 27’ या मालिकेत आहेत. भारतीय स्क्वाड्रनसाठी दिल्लीत संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडेही अर्ज करावा. आपल्या पानांवरील पाच-सहा तारखा निवडा, त्यांचे विमान क्रमांक आणि उड्डाणाचा कालावधी एका कागदावर मांडा आणि त्या वहीशी ताडून पाहा. एका तारखेचा मेळ योगायोग असू शकतो, पाच तारखांचा नसतो.

नावाबद्दल विशेष सावध राहा. इंग्रजी नोंदीत आपल्याकडील वडिलांचे नाव कधी आद्याक्षर होते, कधी आडनावाच्या जागी जाऊन बसते, आणि आडनावाचे स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून असते. पहिल्या महायुद्धात 1918 च्या जूनमध्ये फ्रान्सवर विमान पडून मरण पावलेले मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर यांना जर्मनांनी पुरले तेव्हा क्रुसावर त्यांचे नाव चुकीचे लिहिले गेले होते, आणि त्यामुळे त्यांची ओळख पटण्यास वेळ लागला. म्हणून संभाव्य स्पेलिंगांची यादी आधीच करून ठेवावी.

तिसरे उत्तर (रावपुरा, वडोदरा)

शहरातील साधने विसरू नका. ज्या शाळेत ते शिकले असतील तेथील जुन्या जनरल रजिस्टरमध्ये पूर्ण नाव आणि जन्मतारीख असते. अधिकारपदाच्या अर्जातही तीच तारीख दिलेली असण्याचा संभव मोठा. बडोदा संस्थानचे दप्तर कोठी कचेरीच्या परिसरातील अभिलेखागारात आहे, तेथे अर्ज करताना वर्ष आणि खाते स्पष्ट लिहावे. ट्रंकेत पदके असतील तर ती पालथी करून पाहा. भारतीयांना दिलेल्या युद्धपदकांवर पुष्कळदा नाव आणि सेवाक्रमांक कोरलेला असतो. आणि कृपया लॉगबुकाला प्लास्टिकचे आवरण चिकटवू नका, पाने सरळ उजेडात छायाचित्रित करा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. बर्मा स्टार हे ब्रह्मदेश आघाडीचे पदक सापडले आहे. मागे आडनाव आणि क्रमांक आहे, मात्र आडनावात एक अक्षर कमी आहे. लॉगबुकातील एप्रिल आणि मे 1944 ची दोन पाने ओलीने एकमेकांना चिकटली होती. ती खिडकीत उजेडासमोर धरली असता मे महिन्याच्या गोषवाऱ्याखाली शिक्का उलटा दिसला: नंबर 1 स्क्वाड्रन. सही कोणाची ते पाने सुटल्याशिवाय कळणार नाही, म्हणून ती ओढून न काढता कागदपत्रांच्या जतनाचे काम करणाऱ्या जाणकाराकडे द्यायची आहेत. मे महिन्यात वीव्हर हा शब्द अकरा ओळींत आला आहे.