रेम्ब्रांटचे ‘तीन क्रूस’: अंधार मुद्दाम, की झिजलेल्या प्लेटची डागडुजी?

निशाचर:
काल रात्री डच चित्रकार रेम्ब्रांटच्या ‘तीन क्रूस’ ह्या येशूच्या क्रूसावरच्या मृत्यूच्या छापचित्राचे दोन प्रिंट शेजारी शेजारी लावून झूम करत बसलो, झोपेचं खोबरं. 1653 ची तांब्याची प्लेट, जेमतेम 38 बाय 45 सेंटिमीटर. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये वरून उजेड असा कोसळतो की मधली माणसं नुसत्या रेघांची उरतात, गुडघे टेकलेला रोमन शताधिपतीसुद्धा. मग ह्या बाबाने त्याच तांब्यावर परत हात चालवला, बरीच गर्दी घासून काढली आणि वरून काळ्या रेघांचा मुसळधार पाऊस पाडला. ह्या चौथ्या स्टेटमध्ये (प्लेटवर बदल केला की नवी स्टेट) येशूबरोबर क्रूसावर चढवलेला उजवीकडचा चोर अंधारात जवळजवळ बुडालाय. माझ्या मते हाच खरा प्रिंट, आधीचे सगळे रियाज. बोला.

हिशेबी:
जरा दमानं घ्या. हे मुख्यतः ड्रायपॉइंट आहे, म्हणजे ॲसिड वगैरे नाही, सुईने थेट तांबं ओरबाडायचं. ओरखड्याला धातूची बारीक कड उठते (वर्कशॉपमध्ये आम्ही बर म्हणतो), ती शाई धरते म्हणून ती मखमली काळी रेघ मिळते. पण प्रेसखाली ही कड काही डझन प्रिंटांत चपटी होते, खेळ खलास. त्यात 1653 लाच घराच्या कर्जापायी उसनवारी चाललेली, 1656 ला दिवाळं. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या हाऊब्राकेनने 1718 मध्ये लिहून ठेवलंय की लोकांना त्याच्या प्रिंटमधली जूनो देवी मुकुटासकट हवी आणि बिनमुकुटाचीही हवी, आणि ह्याचा गल्ला भरायचा. एकच प्लेट दोनदा विकली, झालं.

शाईवाली:
कॉलेजात जस्ताच्या पत्र्यावर ड्रायपॉइंट केलंय, दहाव्या प्रिंटलाच काळ्याची राख झाली होती, त्यामुळे झिजण्याचं पटलं. पण डागडुजीच करायची तर माणूस त्याच रेघा परत खोल करेल ना? तांबं खरवडून, घोटून गुळगुळीत करणं म्हणजे मनगटाचा भुगा, तो कोण हौसेने करतो. वर त्याने डावीकडे उंच टोपीवाला घोडेस्वार आणून ठेवलाय, तोही पिसानेल्लो ह्या जुन्या इटालियन कलाकाराच्या एका पदकावरून उचललेला. गळकं छप्पर शाकारायला आलेला माणूस घरात घोडा बांधून जातो का?

हिशेबी:
घोडा म्हणजेच नवा माल! गिऱ्हाइकाला फरक दिसायला नको?

मधलाआळीकर:
दोघांचं बाजूला ठेवा. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात दुपारी बारा ते तीन अंधार पडला एवढंच आहे, उजेडाचा झोत तिथे कुठेच नाही. मग वचनाला धरून चौथाच, निशाचरचं एवढं मला मान्य. तरी मला पहिलाच आवडतो, त्यातही चर्मपत्रावर काढलेला, कागदासारखी शाई पीत नाही त्यामुळे रेघा पसरून मऊ होतात. आणि तिथे माणसं दिसतात हो, कोण कोसळलंय, कोण पाठ फिरवून निघालंय. चौथ्यात नुसता कल्लोळ.

निशाचर:
भर दुपारी काळोख झाल्यावर तुम्हाला शेजारचा दिसला असता का? कल्लोळच हवा तिथे.

शाईवाली:
आणि स्टेट स्टेट काय करताय, पुसताना प्लेटवर शाईचा पातळ थर कुठे किती ठेवायचा हेही तो दर प्रिंटला बदलायचा. एकाच स्टेटचे दोन प्रिंट सारखे काळे नसतात.

हिशेबी:
बरं बाई, मुद्दाम तर मुद्दाम. मी आणि आळीकर पहिला घेतो, तुम्ही दोघं चौथा घ्या. पैसे रेम्ब्रांटकडेच गेले ना शेवटी?