मदत हवी आहे: गाणं शिकायचंय, पण आपल्यासाठी योग्य शिक्षक कसे ओळखायचे?

नमस्कार मंडळी,

मोठ्या वयात शास्त्रीय गाणं शिकायला लागलेय. परीक्षा द्यायच्या नाहीत, स्टेजवरही गायचं नाही, आपला सूर लागतोय की नाही ते आपल्याला कळावं आणि एखादा राग निवांत बसून गाता यावा एवढीच इच्छा आहे पण ती अगदी मनापासून आहे. सध्या एका क्लासला जाते. सर गातात फार सुंदर, त्याबद्दल प्रश्नच नाही.

पण बॅचमध्ये बायका-पुरुष सगळे एकत्र आणि सगळ्यांना एकच पट्टी (गाण्याचा मूळ सा), काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी. माझा आवाज त्याहून खालच्या काळी चारमध्ये मोकळा लागतो. काळी एकमध्ये तार सापर्यंत (वरच्या सापर्यंत) कशीबशी पोचते, पण यमन रागात त्याच्याही वरचा गंधार (ग) आला की गळा आवळतो आणि घरी येईपर्यंत घसा दुखायला लागतो. सरांना सांगितलं तर म्हणाले रियाज वाढवा, गळा तयार होईल. मला हे पटत नाही, गाऊन घसा दुखत असेल तर काहीतरी चुकतंयच ना?

दुसरं म्हणजे पेटी. सर प्रत्येक स्वर वाजवत जातात आणि आम्ही मागोमाग म्हणतो, तेव्हा सगळं छान सुरात वाटतं, आणि घरी नुसता तानपुरा लावून तोच सारेग रेगमचा पलटा (सरावाची स्वरांची ओळ) घेतला की गंधार नेमका कुठे ठेवायचा तेच कळत नाही. खरं तर तानपुऱ्याच्या खर्जाच्या (सगळ्यात खालच्या साच्या) तारेकडे नीट कान दिला की तिच्यातूनच गंधार ऐकू येतो आणि पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा किंचित चढा असतो. हे कान देणं कोणीतरी शेजारी बसून शिकवायला हवं असं मला फार वाटतं.

म्हणून शोध सुरू केला. एका ताईंकडे ट्रायल घेतली ऑनलाइन. त्यांनी आधी माझा आवाज ऐकून पट्टी ठरवली, मग माझा रिषभ (रे) कमी लागत होता तिथेच थांबवलं आणि पेटी बाजूला ठेवून फक्त तानपुऱ्यावर सा-रे, सा-रे म्हणून घेतलं. अख्खा तास त्यातच गेला, आणि शेवटी शेवटी तो रे असा काही लागला की माझा मलाच वेगळा ऐकू आला!! असं शिकायला मिळालं तर अजून काय हवं.

पण त्या फक्त ऑनलाइनच शिकवतात आणि कॉलवर आवाज मागेपुढे होतो त्यामुळे गुरूबरोबर एकत्र गाता येत नाही, तीनतालाचा तबल्याचा ठेकाही आपल्याच बाजूला लावावा लागतो, मग मी समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) बरोबर आले की नाही हे त्यांना तिकडून नीट कळत असेल का?

ज्यांनी सुरुवातीपासून ऑनलाइन शिकलंय त्यांनी प्लीज सांगा, बंदिश (रागात बांधलेलं गाणं) आणि ताल सुरू झाल्यावर अडतं का? की आधी स्वर त्यांच्याकडे पक्के करून मग समोर बसून शिकवणारं कोणी शोधावं? आणि सरांना सोडतेय हे कसं सांगू, त्यांचा मान राखून? न सांगता जाणं बंद करायचं नाहीये मला.