मदत हवी आहे: विंडोज ११ वर अनसाइन्ड स्कॅनर ड्रायव्हर कायमचा कसा चालवायचा?

नमस्कार मंडळी, माझ्याकडे निगेटिव्ह स्कॅन करायचा जुना यूएसबी फिल्म स्कॅनर आहे. मशीन ठणठणीत आहे, दिवा लागतो, ट्रे नीट सरकतो, ३२ बिट विंडोज ७ वर मस्त चालायचा. आता नवा कॉम्प्युटर विंडोज ११ चा, आणि ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, म्हणजे ६४ बिट ड्रायव्हर लागणारच. सीडीत त्याचं फोल्डर आहे पण आत नुसती आयएनएफ (इन्स्टॉलच्या सूचनांची) आणि सिस (प्रत्यक्ष ड्रायव्हरची) फाईल, सही ठेवणारी कॅट फाईलच नाही, म्हणजे डिजिटल सही कुठेच नाही. आयएनएफवर राइट क्लिक करून इन्स्टॉल म्हटलं की थर्ड पार्टी आयएनएफमध्ये सिग्नेचरची माहिती नाही एवढं सांगून विषय संपवतो, विंडोज ७ निदान लाल पट्टी दाखवून तरीही टाकू का असं विचारायचा तरी.

मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं, ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, आणि तिथे एफ ७ दाबून सिग्नेचरची सक्ती बंद केली. ड्रायव्हर बसला, स्कॅनही झकास आले. पण ही सूट त्या एका बूटपुरतीच असते, पुढच्या वेळी कॉम्प्युटर चालू केला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ५२, म्हणजे ड्रायव्हरची सही पटली नाही. दर वेळी एवढा खटाटोप करून निगेटिव्हचे डबे कधी संपणार?

जिथे बघावं तिथे एकच सल्ला, बीसीडीएडिट या बूट सेटिंगच्या कमांडने टेस्टसायनिंग (चाचणीच्या सहीचे ड्रायव्हर चालू देणारा मोड) ऑन करा. पण त्यासाठी आधी सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना फक्त विश्वासू सहीचं सॉफ्टवेअर चालू देणारी राखण, बंद करावं लागतं, आणि ते मला अजिबात नको आहे. कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, शिरलेल्या ड्रायव्हरला अख्ख्या मशीनवर मोकळं रान असतं, आणि याच मशीनवर माझे बँकेचे व्यवहार चालतात, एका स्कॅनरसाठी ती राखण कायमची काढून ठेवणं मला पटत नाही. स्वतःचं सर्टिफिकेट बनवून ड्रायव्हर साइन केला तर चालेल का? कोणी केलंय का असं?

प्रतिसाद १
आधी आयएनएफ नोटपॅडमध्ये उघडा आणि सर्व्हिसबायनरी ही ओळ शोधा. तिथे यूएसबीस्कॅन डॉट सिस असेल तर ती विंडोजचीच फाईल, मग फक्त पॅकेजची सही हवी, आणि ते काम स्वतःच्या सर्टिफिकेटने होतं: कॅट फाईल बनवायची, साइन करायची, सर्टिफिकेट ट्रस्टेड रूट आणि ट्रस्टेड पब्लिशर्स दोन्हीकडे टाकायचं. सिक्युअर बूटला हात लावावा लागत नाही. पण रीस्टार्टनंतर कोड ५२ येतोय म्हणजे बहुतेक कंपनीची स्वतःची सिस फाईल आहे. तसं असेल तर घरचं सर्टिफिकेट कर्नल मानत नाही, विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून नवीन कर्नल ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टचीच सही लागते.

मूळ धागाकर्ता
पाहिलं, कंपनीचीच सिस फाईल आहे. म्हणजे तो रस्ता बंद.

प्रतिसाद २
मग व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि त्यात ३२ बिट विंडोज ७ बसवा, तुमचा जुना ड्रायव्हर तिथे पूर्वीसारखाच चालेल. यूएसबी सेटिंगमध्ये २.० चा कंट्रोलर निवडा, ३.० नको, कारण विंडोज ७ मध्ये ३.० चा ड्रायव्हर मुळात नसतोच आणि लोक नेमके इथेच अडकून स्कॅनरला दोष देतात. स्कॅनरचा यूएसबी फिल्टर लावला की जोडल्या जोडल्या तो थेट आतल्या विंडोजला मिळतो, बाहेरच्या विंडोज ११ ला त्याचा ड्रायव्हर लागतच नाही. आतलं नेटवर्क मात्र नक्की बंद ठेवा, विंडोज ७ चे सिक्युरिटी अपडेट सामान्य वापरासाठी जानेवारी २०२० मध्येच थांबलेत. स्कॅन बाहेर आणायला शेअर्ड फोल्डर पुरतं, त्यासाठी आत गेस्ट अॅडिशन्स हे व्हर्च्युअलबॉक्सचंच जोड सॉफ्टवेअर टाकावं लागेल.

आणि आधी टेस्टसायनिंगचे प्रयोग केले असतील तर अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून ते ऑफ करून रीस्टार्ट करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, बूटचं सेटिंग बदललं की तो ती मागू शकतो.

मूळ धागाकर्ता
फिल्टर लावल्यावर आतल्या विंडोजने स्कॅनर ओळखला, पहिली पट्टी स्कॅन पण झाली. सिक्युअर बूट चालूच आहे. दोघांचेही मनापासून आभार.