यादीत शोध: इक्वल्स लिहायचं की अट बाहेरून द्यायची?

तापीकाठ
रावेर, सावदा, यावलच्या केळी-पावत्यांची जावा या प्रोग्रामिंग भाषेतली यादी घ्या. पावतीत क्रमांक, शेतकरी, गाव, वजन, भाव. रावेरच्या पावत्या शोधायला काही जण इक्वल्स (दोन पावत्या समान आहेत का हे ठरवणारी मेथड) आणि हॅशकोड (हॅशसेटसारख्या संग्रहात पावतीची जागा ठरवणारा आकडा) फक्त गावावर लिहितात आणि 'रावेर' भरलेली नमुना पावती यादीच्या कंटेन्स या मेथडला देतात. हे साफ चूक आहे. याच पावत्या हॅशसेटमध्ये, म्हणजे समान वस्तू एकदाच ठेवणाऱ्या संग्रहात, टाकल्या की रावेरची एकच उरते, बाकीच्या एररशिवाय गळतात. नुकसान शेतकऱ्याचं. शिवाय कंटेन्स हो-नाही एवढंच सांगतं. जुळणाऱ्या सगळ्या पावत्या देत नाही. जावा ८ पासून स्ट्रीम (यादीतल्या वस्तू एकेक करून पुढे देणारी सोय) आहे, तिच्या फिल्टरला अट द्या.

लळिंग
गावाचं पटलं. पण म्हणून इक्वल्स लिहूच नये का? न लिहिल्यास मूळ इक्वल्स मेमरीतला तोच ऑब्जेक्ट आहे का, इतकंच बघतं. डेटाबेसमधून तीच पावती पुन्हा वाचली की कंटेन्सचं उत्तर फॉल्स. पावती क्रमांकावर इक्वल्स लिहा आणि त्याच क्रमांकावर हॅशकोडही. हॅशकोड लिहायचा राहिला, तर यादीत सापडणारी पावती हॅशसेटमध्ये सापडत नाही.

सातपुडा
वेगाचं काय? २०,००० पावत्या, ५०० शेतकरी. प्रत्येकासाठी अख्खी यादी चाळली, तर १ कोटी तुलना. एकदाच फिरून ग्रुपिंगबाय या गट पाडणाऱ्या मेथडने शेतकऱ्यानुसार मॅप बनवा, म्हणजे नावावरून त्याच्या पावत्या थेट मिळतात.

तापीकाठ
सरसकट नको, भाऊ. रात्री एकदा चालणाऱ्या हिशोबाला १ कोटी तुलना जड नाहीत. मॅपचा धोका वेगळा: पावतीवरचा शेतकरी दुरुस्त केला, तरी मॅपमध्ये ती जुन्याच नावाखाली राहते. यादी खोटं बोलत नाही.

लळिंग
मॅप असो की फिल्टर, गावाच्या नावावर जुळवणी करू नका. 'कुऱ्हा' दोन प्रकारे टाइप होतं: नुक्त्याचा ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरांची जोडणी ठरवणारं चिन्ह) वापरून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, इक्वल्स मात्र फॉल्स देतं. नॉर्मलायझरने एनएफसी केलं (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी केली) तरी झेडडब्ल्यूजे निघत नाही. प्रत्येक गावाला कोड द्या, शोध कोडवर घ्या.

सातपुडा
कोड मान्य. मॅपचं मात्र मी सोडत नाही. पावतीचे फील्ड फायनल (एकदा भरल्यावर न बदलणारे) करा; दुरुस्ती म्हणजे जुनी काढून नवी टाकणं. टाकायची-काढायची मेथड एकाच क्लासात ठेवा, तिथेच यादी आणि मॅप दोन्ही बदला, आणि मूळ यादी बाहेर देऊच नका. काउंटरवर माणूस उभा असताना दर वेळी २०,००० पावत्या कशाला चाळायच्या?