लेश (अत्यल्प प्रमाणातील) मूलद्रव्यांवरून धातुक निक्षेपाचा (धातुखनिजांच्या साठ्याचा) उगम ठरवता येतो का?

पातळछेद
‘पायराइटमधील (लोह-गंधकाच्या खनिजातील) कोबाल्ट-निकेल गुणोत्तर एकापेक्षा जास्त आले की निक्षेप जलतापीय (उष्ण विद्रावातून बनलेला) समजावा, खडकांची वीण (कणांची आपसांतली मांडणी) तपासण्यात महिने घालवण्याचे दिवस संपले,’ असे काल येथे लिहिले गेले. हे वाचून मला स्वस्थ बसवले नाही. पायराइटचा एकच कण अनेकदा तीन वेळा वाढलेला असतो: गाभा समुद्रतळावरच्या गाळात तयार होतो, त्यावर पुढे उष्ण विद्रावातून कड चढते आणि रूपांतरणाच्या (उष्णता-दाबाने खडक बदलण्याच्या) काळात त्याचा काही भाग विरघळून पुन्हा स्फटिकरूप घेतो. या तिन्ही भागांवर लेझरचे ठिपके मारून (ठिपक्याएवढा भाग उडवून त्यातली मूलद्रव्ये मोजून) सरासरी काढली, तर मिळणारे गुणोत्तर कधीच न घडलेल्या घटनेचे असते. आधी पातळ छेद (खडकाचा पारदर्शक होईपर्यंत घासलेला काप) पाहावा, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कणाच्या वाढीचे पट्टे ओळखावेत आणि मगच ठिपका कोठे मारायचा ते ठरवावे.

लोहकण
डोळ्यांवर एवढा विश्वास असेल, तर नेवाडातील कार्लिन निक्षेपांचे काय करायचे? तेथील बहुतांश सोने साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतच नाही, कारण ते आर्सेनिकयुक्त पायराइटच्या काही मायक्रॉन जाडीच्या कडांमध्ये दडलेले असते. ते कोठे आहे हे रासायनिक विश्लेषणानेच दाखवले. आमच्या गटात दोन शिरांपैकी (भेगांत भरलेल्या खनिजांच्या पट्ट्यांपैकी) कोणती कोणतीला छेदते, म्हणजे कोणती नंतरची, यावर दोन वर्षे वाद चालला होता आणि प्रत्येक जण त्याच नमुन्याकडे बोट दाखवत असे. शेवटी स्फॅलेराइट या जस्ताच्या खनिजामधील गॅलियम, जर्मेनियम, इंडियम, मँगनीज आणि लोह मोजले, २०१६ साली मांडलेले तापमानाचे सूत्र लावले, तेव्हा दोन्ही शिरांची तापमाने स्पष्टपणे वेगळी निघाली. वीण पाहून हे कळले नसते.

पातळछेद
ते सूत्र ज्या तापमानांशी जुळवून घेतले आहे, ती द्रव-समावेशनांवरून (स्फटिकात अडकलेल्या द्रवाच्या सूक्ष्म थेंबांवरून) काढलेली आहेत. म्हणजे कोणीतरी सूक्ष्मदर्शकाशी बसून समावेशने तापवली, म्हणूनच तुमच्या यंत्रातील आकड्यांना अर्थ आला. शिवाय तापमाने वेगळी निघाली म्हणून आधी कोणती शीर झाली हे ठरत नाही. तुमचा मूळ वाद तसाच राहिला.

खडूरेघ
मूळ वादात मी पडत नाही, पण एका गोष्टीवर कोणीच बोलत नाही, म्हणून लिहितो. लेझर कणात खोल जात असताना प्रत्येक मूलद्रव्याचा संकेत काळानुसार नोंदला जातो, आणि मध्येच शिसे किंवा तांबे उसळले की तो ठिपका ‘खराब’ ठरवून वगळला जातो. एका प्रयोगशाळेने आमचे जवळजवळ एक तृतीयांश ठिपके असेच वगळले आणि आम्हाला फक्त स्वच्छ तक्ता दिला. हट्टाने कच्चे संकेत मागवले, तेव्हा त्या वगळलेल्या ठिपक्यांमध्ये सोन्याबरोबर बिस्मथ आणि टेल्युरियम उसळलेले दिसले. सोने स्फटिकजालकात (पायराइटच्या अणूंच्या नियमित रचनेत) नव्हते, ते स्वतंत्र सूक्ष्मकणांत होते. आमचा संपूर्ण निष्कर्ष पुन्हा लिहावा लागला.

लोहकण
हा विश्लेषण करणाऱ्यांवर लबाडीचा आरोप आहे आणि मला तो मान्य नाही. जालकात काय बसले आहे हे मोजायचे असेल, तर गॅलिना या शिशाच्या खनिजाच्या कणातले शिसे पायराइटच्या खात्यात धरता येत नाही. असे ठिपके वगळणे हे कर्तव्यच आहे.

खडूरेघ
लबाडी हा शब्द माझा नाही. तो आपण माझ्या तोंडी घालू नये. वगळण्याला माझी हरकत नाही, वगळले हे न सांगण्याला आहे. किती ठिपके काढले, कोणत्या निकषावर काढले आणि त्यांत काय होते, एवढे तक्त्याखाली छापायला किती जागा लागते?

पातळछेद
खडूरेघ यांचा मुद्दा मला आडवाटेचा वाटला होता, पण तोच मूळ प्रश्न आहे. मॅग्नेटाइट हे लोहाचे खनिज पाहा. शिलारसातून आलेल्या मॅग्नेटाइटमध्ये टायटॅनियम सहसा जास्त असते. कण थंड होताना ते इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजाच्या बारीक पट्ट्यांच्या रूपाने वेगळे होते. त्या पट्ट्यांना ‘अशुद्धी’ मानून लेझर मुद्दाम त्यांच्या मधल्या जागेत मारला, तर टायटॅनियम कमी भरते आणि तोच कण मूलद्रव्यांच्या प्रमाणांवरून उगम दाखवणाऱ्या आलेखावर जलतापीय क्षेत्राकडे सरकतो. स्वीडनमधील किरुना येथील लोह धातुक शिलारसातून आले की उष्ण विद्रावातून, यावर अजून एकमत नाही, आणि अशा वादात ठिपका कोठे मारला हे न सांगता आलेख पुढे करणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

लोहकण
इल्मेनाइटचा मुद्दा खरा आहे, हे नाखुशीने का होईना मान्य करतो. आमच्या जुन्या मॅग्नेटाइट तक्त्यांत पट्टे धरले होते की टाळले होते, याची नोंदच नाही. खडूरेघ यांची मागणीही रास्त आहे, केवळ तिचा सूर मला खटकला. परंतु सरासरीला सरसकट निरर्थक म्हणणे मागे घ्यावे, कारण स्फॅलेराइटचे ते सूत्र निक्षेपनिहाय सरासऱ्यांवरच उभे आहे आणि तरीही ते तापमान सांगते.

पातळछेद
स्फॅलेराइटपुरते मागे घेतो. पायराइटचा गाभा आणि कड यांची सरासरी कोणी पुढे केली, तर मी पुन्हा एवढेच लांब उत्तर लिहीन.